बघून काढलेल्या चिठ्ठ्या

पैदाशीला कोणता उंदीर ठेवायचा ते चिठ्ठी टाकून ठरवायचं, असं मला स्पष्ट सांगितलेलं होतं. मी दोन वर्षं ते बघून ठरवलं.

चूक एवढीच. सांगायला दोन वाक्यं पुरली. निस्तरायला एका बाईच्या आयुष्यातली आणखी दोन वर्षं गेली, आणि ती बाई माझ्याशी अजून बोलते, ही तिची कमाल. माझी त्यात काही नाही.

मी इथल्या एका महाविद्यालयाच्या प्राणीगृहात तीस वर्षं नोकरी केली. प्राणीगृह म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर सिंह येतो. आमच्याकडं पांढरे उंदीर. लाल डोळ्यांचे, गुलाबी शेपटीचे, स्वच्छतेच्या बाबतीत माझ्यापेक्षा बरे. गल्लीतल्या बायकांना वाटायचं, हा माणूस उंदरांचा जाणकार. एकदा शेजारच्या वहिनींनी स्वयंपाकघरात शिरलेला उंदीर काढायला मला मोठ्या विश्वासानं बोलावलं. तो काळा, दणकट, संस्कार नसलेला उंदीर अंगावर आला तेव्हा वहिनी खाली उभ्या होत्या आणि मी स्टुलावर.

पांढऱ्या उंदराचं काम म्हणजे रोजचं घरकामच. पिंजऱ्यातला लाकडाचा भुसा बदला, बाटल्या धुवा, खाद्याच्या गोळ्या टाका, दिवे वेळेवर लावा, वेळेवर घालवा. आपल्या शहरात नळाला पाणी आठवड्यानं येतं, हे उंदराला सांगून उपयोग नाही. त्याची बाटली रोज भरावी लागते. उंदीर उचलताना शेपूट धरायची नाही, खांद्याभोवती तळवा घालायचा. व्यालेल्या मादीला पहिले काही दिवस छेडायचं नाही, नाहीतर ती आपलीच पिल्लं खाते. एवढं जमलं की माणूस प्राणीगृहात निभावतो. मला जमलं होतं. त्यामुळंच घोळ झाला. काम जमायला लागलं की आपल्याला सगळंच कळतं असं वाटतं.

शाहीन मॅडम पीएच.डी.साठी आल्या तेव्हा मी सगळ्यांचा मामा झालेला होतो. कॉलेजात शिपायापासून माझ्यासारख्या सहायकापर्यंत सगळे मामाच. मॅडम सडपातळ, हळू बोलणाऱ्या, पण एकदा म्हटलेलं सोडायच्या नाहीत. त्यांचा प्रश्न मला पहिल्याच दिवशी आवडला. बापानं मेहनतीनं शिकलेली गोष्ट पोराच्या रक्तात आपोआप उतरते का?

मी म्हटलं, उतरणारच. त्यात काय बघायचं?

"मामा, तुमच्या वडिलांना औत धरता यायचं?"

"मग. चितेगावात त्यांच्यासारखी सरळ रेघ कुणाची नव्हती."

"तुम्हाला?"

"येतं की."

"तुमच्या मुलाला?"

माझा मुलगा शेंद्र्याला कंपनीत आहे. बैल दिसला की मोटारसायकल रस्त्याच्या दुसऱ्या कडेनं घेतो. मी नाही म्हटलं. मॅडम म्हणाल्या, "तुम्ही वडिलांचं बघून शिकलात. त्यानं बघितलंच नाही. न बघता उतरतं का, ते बघायचंय."

मग त्यांनी मांडणी समजावली. सुतारानं प्लायवूडची एक मोठी भुलभुलैया करून दिली. एका टोकाला उंदीर सोडायचा, दुसऱ्या टोकाला शेंगदाणा. मधे वळणं, त्यांतली काही बंद. पहिल्या दिवशी उंदीर गल्लोगल्ली धडकत फिरतो. रोज सोडत राहिलं की एक दिवस असा येतो, की तो एकदाही न चुकता थेट शेंगदाण्यापाशी जातो. त्याला किती दिवस लागले ते लिहायचं. मग शिकलेल्या उंदरांची पिल्लं, त्यांना शिकवायचं, त्यांची पिल्लं, त्यांनाही शिकवायचं. हे झालं शिकलेलं घराणं. शेजारी दुसरं, कोरं घराणं. त्यातल्या प्रत्येक पिढीची काही पिल्लं भुलभुलैयात घालून दिवस मोजायचे, पण पैदास मात्र ज्यांनी ती कधी पाहिलीच नाही अशा त्यांच्या भावंडांकडूनच करायची. शिकलेल्या घराण्याची पोरं पिढीगणिक लवकर शिकत गेली आणि कोरी आहेत तिथंच राहिली, तर काहीतरी उतरतंय म्हणायचं. बाहेरच्या देशांत उंदरांची शिकलेली भीती पोरांत उतरल्याचं काहींना दिसलंय, असं मॅडम सांगायच्या. लगेच म्हणायच्या, पण त्यावर भांडणं आहेत.

आता चिठ्ठ्या. प्रत्येक वेतातून एक नर, एक मादी पुढच्या पैदाशीला ठेवायची. कोणती, ते नशिबानं ठरवायचं. सगळ्यांचे नंबर चिठ्ठ्यांवर लिहायचे, डब्यात हलवायचे, डोळे मिटून एक उचलायची, ती रजिस्टरात चिकटवायची आणि खाली सही. हे काम माझ्याकडं होतं. विश्वासाचं काम म्हणून दिलं होतं.

पहिल्या पिढीला मी ते इमानदारीनं केलं. चिठ्ठी निघाली एका येड्याची. हा गडी भुलभुलैयात एका कोपऱ्यात बसून मिश्या साफ करायचा. शेंगदाणा कुठं, जग कुठं, याला पत्ता नाही. वर चावरा. आणि त्याचा भाऊ, पाचव्या दिवशी बाणासारखा जाणारा, हातावर घेतलं तर बाहीत शिरून झोपणारा, तो बाद. माझ्या जिवाला ते लागलं.

आमच्याकडं ज्वारीचं बियाणं ठेवताना आई खळ्यावर बसून एकेक कणीस हातात घेऊन बघायची. भरलेलं, टपोऱ्या दाण्याचं तेवढं बाजूला. डोळे मिटून हाताला लागेल ते कणीस बियाण्याला ठेवतो असं कुणी म्हटलं असतं तर त्याला गावानं शेतात पाऊल टाकू दिलं नसतं. मला वाटलं, मॅडम शहरात वाढलेल्या. शिकलेल्या असल्या तरी पैदाशीतलं त्यांना काय कळणार? पोरीचं काम चांगलं व्हावं, एवढीच इच्छा होती. दुसऱ्या पिढीपासून मी डबा हलवायचो, सगळ्या चिठ्ठ्या टेबलावर ओतायचो, आणि मला पसंत असलेल्या उंदराची शोधून चिकटवायचो. चिठ्ठी खरी, नंबर खरा, सही खरी. फक्त ती डब्यातनं आपणहून बाहेर आलेली नव्हती.

कोऱ्या घराण्याच्या चिठ्ठ्या मी अगदी नियमानं काढल्या. पैदाशीचे ते उंदीर पिंजऱ्याबाहेर कधी यायचेच नाहीत, त्यांच्यात शहाणं कोण आणि येडं कोण हे मला कळायला मार्ग नव्हता. शिवाय त्यांचं माझं काही जमलं नव्हतं.

दोन वर्षांत सहा पिढ्या झाल्या. शिकलेलं घराणं पिढीगणिक लवकर शिकायला लागलं. कोरं होतं तिथंच. मॅडमनी भिंतीवर आलेख लावला होता; एक रेघ जिन्यासारखी उतरत गेलेली, दुसरी आडवी झोपलेली. त्यांचे मार्गदर्शक कुलकर्णी सर रोज येऊन त्या आलेखापुढं उभे राहायचे, देवळात राहावं तसे. मॅडमची शिष्यवृत्ती चार महिन्यांनी संपणार होती. जालन्याच्या एका कॉलेजात कायम जागा निघायची होती, तिला पीएच.डी. हवी. सगळं वेळेत बसत होतं.

सहाव्या पिढीचा शेवटचा उंदीर शेंगदाण्यापाशी पोचला त्या दिवशी मॅडमनी गुलमंडीवरून इमरती आणली. सरांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, यात मामांचा वाटा मोठा आहे. माणसाचं असं कौतुक झालं की त्याची जीभ सैल सुटते. माझी आधीच सैल.

मी म्हटलं, "सर, हे व्हायचंच होतं. बियाणंच तसं ठेवलं ना मी."

सर म्हणाले, "बियाणं म्हणजे?"

"शहाणा, गरीब असेल तोच ठेवायचो. येडा, चावरा असला की बाजूला."

मॅडमच्या हातात इमरतीचा तुकडा होता. तो त्यांनी परत बॉक्समधे ठेवला.

"मामा, चिठ्ठ्या?"

"चिकटवल्यात की रजिस्टरात. एक बी चुकली नाय."

"त्या काढल्या कशा?"

"बघून."

सरांनी उठून दार लावून घेतलं. मला अजून वाटत होतं, की कौतुकाचा दुसरा हप्ता येतोय.

वाचकांपैकी कुणाच्या अजून ध्यानात आलं नसेल तर त्यांनी वाईट वाटून घेऊ नये, मलाही सरांना तीनदा समजावून सांगावं लागलं. आमच्या उंदरांची पोरं हुशार निघाली, ती त्यांचे आईबाप शिकले म्हणून नाही. मी दर पिढीला मुळातच हुशार असलेले आईबाप निवडले म्हणून. त्यांना काही शिकवलं नसतं आणि नुसते हुशार निवडले असते तरी हेच झालं असतं. म्हणजे दोन वर्षांच्या प्रयोगानं सिद्ध काय झालं, तर चितेगावच्या माणसाला बियाणं निवडता येतं.

सरांनी खिडकीबाहेर बघत एक गोष्ट म्हटली. ती त्यांनी एकदाच म्हटली आणि पुन्हा कधी म्हटली नाही, म्हणून मीही त्यांना दोष देत नाही. म्हणाले, रजिस्टर नियमाप्रमाणं आहे. आपण तिघंच इथं आहोत.

मी मॅडमकडं बघितलं. खरं सांगतो, त्यांनी हो म्हणावं असं मला वाटत होतं. त्यांनी भिंतीवरचा आलेख काढला, नीट गुंडाळला, रबर लावलं आणि घरी गेल्या.

दोन दिवस त्या आल्या नाहीत. मी मेमोची वाट बघत होतो. घरी बायकोला सांगितलं. ती भाकरी थापायची थांबली नाही. म्हणाली, तुम्हाला साधं कोथिंबिरीची जुडी बघून आणा म्हटलं तर पिवळी आणता, आन तिथं बघून निवडायला कुणी सांगितलं होतं?

तिसऱ्या दिवशी मॅडम आल्या. हातात काचेची बरणी. तिच्यात कोऱ्या चिठ्ठ्यांची चळत.

"पहिल्यापासून," त्या म्हणाल्या.

मी रात्रभर पाठ केलेलं वाक्य बोललो, की मला काढा, दुसरा माणूस घ्या, मी प्राचार्यांना लिहून देतो.

"दुसऱ्या माणसाला शिकवायला सहा महिने जातील," मॅडम म्हणाल्या. "आणि तो काय करील ते मला माहीत नसेल. तुम्ही काय करता ते आता माहीत आहे."

त्या दिवसापासून मी ठरवलं, की हा प्रयोग पुरा झाल्याशिवाय आपण इथून हलायचं नाही. मी फार काही ठरवणारा माणूस नाही. लग्नसुद्धा वडिलांनी ठरवलं. पण हे ठरवलं.

शिष्यवृत्ती संपली. जालन्याची जागा निघाली आणि भरलीही. मॅडम सकाळी दुसऱ्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायच्या, दुपारी उन्हातून बसनं इथं यायच्या. नियम नवे झाले. चिठ्ठी मॅडम काढणार, सर सही करणार, मी बरणी धरणार. भुलभुलैयाच्या खोलीत मला बंदी. कोणता पिंजरा कोणत्या घराण्याचा हे मला सांगायचं नाही. कोऱ्या घराण्यातल्यांनाही तितकाच वेळ त्या खोलीत नेऊन रिकाम्या खोक्यात बसवायचं, म्हणजे कोण काय करून आलं हे माझ्या ध्यानात येऊ नये. हे सगळं माझ्या एकट्यासाठी होतं. सरकारी तिजोरीला इतका बंदोबस्त नसेल.

तरी माणसाचा डोळा कुठं ऐकतो? पिंजरा साफ करताना कोण गरीब, कोण खोडील हे कळायचंच. तिसऱ्या पिढीत एक नर होता, मी त्याला मनातल्या मनात फौजदार म्हणायचो. त्यानं मला तीनदा चावून फोडलं होतं, एकदा अंगठ्यात इतकं खोल, की धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं लागलं. त्या वेतात सहा नर. मॅडमनी बरणीत हात घातला. चिठ्ठी उघडली. फौजदार.

माझ्या तोंडातून निघून गेलं, "मॅडम, एकदा परत काढा ना."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. सरांनी पेनाचं टोपण काढता काढता हात थांबवला.

"नाय," मी म्हटलं. "असंच. चिकटवा."

फौजदाराला मी माझ्या हातांनी मादीच्या पिंजऱ्यात सोडलं. त्या दुपारी बियाण्याची कणसं वेचणारी आई सारखी आठवत राहिली. तिच्या देखत किडकं कणीस उचलून ठेवल्यासारखं वाटत होतं. पुढं त्याची पिल्लं झाली. त्यातली निम्मी लोण्यासारखी गरीब. मी त्या पिल्लांकडं बराच वेळ बघत बसलो. तीस वर्षं जे मला कळतं असं मी समजत होतो, त्यातलं किती मला खरंच कळत होतं, कुणास ठाऊक.

मे महिन्यात प्राणीगृहाचं एसी यंत्र बंद पडलं. दुरुस्तीवाला येतो येतो म्हणून आठ दिवस आला नाही. उंदराला घाम येत नाही, ऊन लागलं की तो पाय पसरून पडून राहतो आणि मग उठत नाही. मी खिडक्यांना ओली गोणपाटं लावली, बर्फाच्या लाद्या परातीत घालून पंख्यापुढं ठेवल्या, दर दोन तासांनी गोणपाटं भिजवली. पाण्यासाठी आमच्या गल्लीतनं सायकलवर घागरी आणल्या. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, आमच्या उंदराला स्टुलावर चढता आन त्या उंदरांना आंघोळ घालता. एकही उंदीर गेला नाही. हे मी जरा अभिमानानंच लिहितोय. यात मला निवडायचं काही नव्हतं, सगळेच जगवायचे होते.

पण एक गोष्ट कुठंतरी लिहून ठेवली पाहिजे. पैदाशीला जे ठेवत नाहीत, त्यांना नियमाप्रमाणं वेदना न होता संपवावं लागतं. तेही माझंच काम. पहिल्या दोन वर्षांत जितके उंदीर त्यासाठीच्या गॅसच्या पेटीत गेले, ते सगळे एका बिघडलेल्या प्रयोगासाठी गेले. मॅडमनी मला माफ केलं, सरांनी केलं. त्या उंदरांकडं माफी मागायची सोय नाही.

चौथ्या पिढीत माझी सेवानिवृत्ती आली. शाल, श्रीफळ, भाषणं. प्राचार्यांनी सांगितलं, की मामा आता घरी आराम करतील. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता मी गेटवर. वॉचमन म्हणाला, मामा, काल तर तुम्हाला निरोप दिला. मी म्हटलं, दिला, पण मी तो घेतला नाही. मॅडमनी प्राचार्यांकडून लेखी परवानगी काढली आणि पुढचे आठ महिने मी बिनपगारी बरणी धरायला जात होतो. घरी बायको खूश होती. दुपारी घर तिचं तिला मिळत होतं.

सहाव्या पिढीचं मोजमाप संपलं त्या दिवशी मला पहिल्यांदा त्या खोलीत बोलावलं. भिंतीवर नवा आलेख होता. दोन्ही रेघा आडव्या, एकमेकींच्या अंगावर पडलेल्या. शिकलेल्यांच्या नातवंडांची पोरं कोऱ्यांच्या पोरांइतकीच धडकत होती.

मला वाटलं, गेलं सगळं. मी विचारलं, "म्हणजे बापाचं शिकलेलं उतरत नाय?"

"आपल्या भुलभुलैयात, आपल्या उंदरांत, सहा पिढ्यांत नाही उतरलं," मॅडम म्हणाल्या. "एवढंच म्हणता येतं. पण एवढं नक्की म्हणता येतं."

त्यांचा चेहरा पहिल्या आलेखाच्या दिवशी होता तितका खुललेला नव्हता. पण या वेळी आणलेली इमरती त्या अर्ध्यावर सोडून गेल्या नाहीत. बॉक्स रिकामा होईपर्यंत बसल्या, आणि शेवटची मला न विचारता खाल्ली.

प्रबंध झाला. माझी पहिली दोन वर्षंही त्यात आली. सरांना आधी संकोच होता, पण मॅडमचं म्हणणं, लपवायचं असतं तर तेव्हाच लपवलं असतं. निवड आणि वारसा या दोन गोष्टी बघणाऱ्याला कशा एकसारख्या दिसतात, याचं ते चौथं प्रकरण. जिन्यासारखी उतरणारी ती जुनी रेघ त्यात छापली आहे. परीक्षकांनी तोंडी परीक्षेत सगळ्यात जास्त वेळ त्याच प्रकरणावर घालवला, असं मला सरांनी सांगितलं. मॅडमना पदवी मिळाली. कायम जागा अजून नाही. मुलाखती देतायत, आणि मिळेपर्यंत देणार आहेत.

पदवीनंतर त्यांचा फोन आला, की एक प्रत खास तुमच्यासाठी बांधून घेतली आहे, अब्बांच्या दुकानातून घेऊन जा. त्यांचे वडील सत्तारभाई बायंडिंगचं काम करतात. गुलमंडीच्या मागच्या बाजूला एका गल्लीत त्यांचं छोटं दुकान आहे, खळीचा वास आणि कागदाच्या कातरणांचा ढीग. मी त्यांना कधी भेटलो नव्हतो. इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. लेकीच्या प्रबंधात ज्याच्यावर एक आख्खं प्रकरण आहे, बाप त्याचं काहीतरी आदरातिथ्य करील, अशी माझी समजूत. चहा तर नक्की, असं धरून मी घरून चहा न घेता निघालो होतो.

सत्तारभाईंनी चष्म्यावरून मला नीट पाहून घेतलं. म्हणाले, तुम्हीच का ते मामा? मी म्हटलं, व्हय. त्यांनी फळीवरून काळ्या कापडी पुठ्ठ्याचं, सोनेरी अक्षरांचं ते जाडजूड पुस्तक काढलं, मधे उघडलं आणि चौथ्या प्रकरणाची पानं दोन बोटांच्या चिमटीत धरली.

"इथून इथपर्यंत तुमचं आहे म्हणे."

"असं मॅडम म्हणतात," मी जरा लाजून म्हटलं.

त्यांनी पुस्तक मिटलं आणि माझ्या हातात दिलं.

"पस्तीस बरस झाले बायंडिंग करतोय मी," ते म्हणाले. "लोकांच्या गलत्या लई बांधल्या. एवढी जाड पहिल्यांदा बांधली."